शिल्लक वीज कुणाच्या बापाची?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, हा लेख तारेवर आहे. इलेक्ट्रिकच्या तारेवर. कवितेच्या माणसाला तारेशी काय करायचंय असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल पान उलटावं, पुढं कविता आहेत. पण उलटण्याआधी आपल्या वस्तीतल्या खांबाकडं मान वर करून बघावं आणि त्यावर किती आकडे लोंबतात ते मोजावं. आकडा म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही. बांबूच्या टोकाला वाकवलेली तार, ती वरच्या तारेला अडकवायची, खाली झोपडीत एक बल्ब पेटतो. त्या एका बल्बासाठी २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५ आहे आणि तीन वर्षांपर्यंतचा तुरुंग आहे.

आता दुसरा आकडा ऐका. बसच्या टपावर दोन लांब दांडे. दांड्यांची टोकं रस्त्यावर ताणलेल्या दोन तारांना टेकलेली. बस तारेखालून पळते आणि वरून वीज ओढत जाते. ह्याला ट्रॉलीबस म्हणतात. सरकारमान्य आकडाच तो. त्याला आपला विरोध नाही, कारण त्या आकड्यावर शंभर माणसं कामाला जातात. पण ह्या तारेवर तिसराच एक आकडा पडायची तयारी जगभर चाललीय. तो टाकणारा झोपडीतला नाही. त्याच्याकडं मोटार आहे. हा लेख त्या तिसऱ्या आकड्यावर आहे.

०००

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी मुंबईहून नागपूरला गेलो होतो. दीक्षाभूमीवर वंदन केलं, दोन पिशव्या भरून पुस्तकं घेतली आणि मुक्कामाला मावशीकडं गेलो. मावशी मनीषनगरातल्या चार फ्लॅटची धुणीभांडी करते. तिचा थोरला पोरगा, आमचा दादा, ई-रिक्षा चालवतो. चार बॅटऱ्या, अठ्ठेचाळीस व्होल्ट. रात्रभर घरच्या बोर्डाला लावून ठेवायची, सकाळी काढायची, दिवसभर तिच्यावर पोट भरायचं. त्या दिवशी गर्दीचे फेरे जास्त झाले आणि संध्याकाळी मनीषनगरातच बॅटरी बसली.

एका सोसायटीच्या फाटकाशी गेलो. आत पार्किंगमध्ये चार्जर भिंतीला लावलेला दिसत होता. वॉचमन आपल्यातलाच दिसला. खाली मान घालून म्हणाला, ‘भाऊ, हा मेंबर लोकायसाठी हाय. माही नोकरी जाईन.’ त्याला काय बोलणार? पुढं रस्त्याच्या कडेला एक चार्जिंग स्टेशन सापडलं. मनगटाएवढी जाड नळी, पुढं मोठा थोरला प्लग. एक गाडी पीत उभी होती. दादा हसला. ‘बाबू, हे मोटारीचं तोंड हाय. आपल्या गाडीले नाई लागत.’

खरंच लागत नाही. ह्या फास्ट चार्जरचा प्लग मोटारीसाठी ठरलेला आहे. ई-रिक्षाला लागतो तो साधा सोळा अँपिअरचा सॉकेट, जो आपल्या घरात इस्त्रीसाठी असतो. तो सगळ्यात स्वस्त. आणि तोच तिथं नव्हता.

मग आम्ही रिक्षा ढकलली. मनीषनगरचा रेल्वेवरचा पूल ज्यांना माहीत आहे त्यांना चढ माहीत आहे. पूर्वी तिथं फाटक होतं, गाडी येईपर्यंत माणसं ताटकळायची. १३ नोव्हेंबर २०२० ला वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाबरोबर ह्याही पुलाचं उद्‌घाटन झालं. चढ संपल्यावर दम खायला थांबलो. पुलाखाली नागपूर-वर्धा रेल्वेची तार, पंचवीस हजार व्होल्टची. पलीकडं वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा तो डबलडेकर पूल, मधे मोटारी, वर मेट्रो, मेट्रोच्याही डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार. गिनीज बुकात नाव गेलंय त्या पुलाचं. दादानं घाम पुसला आणि म्हणाला, ‘वरतं करंट, खालतं करंट, अन् आपली गाडी ढकलगाडी.’

माझ्या दहा कविता त्या एका ओळीवरून ओवाळून टाकतो.

०००

आता त्या रस्त्यांवर आणखी वीज येणार म्हणतात. २०२४ साली नितीन गडकरींनी जाहीर केलं की नागपुरात १३२ आसनांच्या इलेक्ट्रिक बसचा प्रयोग करायचा. थांब्यावर बस उभी राहील, काही सेकंदांत वरून वीज घेईल आणि पुढच्या थांब्याला निघेल. विमानासारख्या सीटा, बससुंदऱ्या, असलं बरंच काही त्यात सांगितलं गेलं. ट्रॉलीबसचं गुणगान तर ते कितीतरी वर्षं करतायत. बस येवो. चांगली बस आली तर आपणच सगळ्यात आधी चढू, कारण दुसरं आहे काय आपल्याकडं? मी बसच्या विरोधात नाही. मला बसच्या मागं उरणाऱ्या विजेबद्दल बोलायचंय.

ते कळायला तार कशी चालते ते कळलं पाहिजे. हे इंजिनिअर लोकांचं काम आहे, आपल्याला काय कळतंय, असं म्हणून आपण कान बंद करतो आणि तिथंच मार खातो. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, मला कळलं, तुम्हाला न कळायला काय झालं?

ट्रॉलीबसच्या तारेत साधारण सहाशे ते साडेसातशे व्होल्टचा डीसी करंट असतो. वीज कंपनीकडून येते ती एसी. म्हणून रस्त्याच्या कडेनं थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं बांधतात, ती एसीची डीसी करून तारेत सोडतात. बस थांब्यावरून सुटताना, चढ चढताना भसाभस वीज खाते, दोनशे किलोवॉटच्या आसपास किंवा त्याहून जास्त. सपाटीला पळायला लागली की थोडीच खाते. उभी असली की जवळजवळ काहीच नाही. पण सबस्टेशन बांधताना हिशेब धरावा लागतो तो सगळ्यात वाईट घटकेचा. चार बसा एकदम सुटल्या तर? म्हणून ते थोरलं बांधतात. मग दिवसाचा बराच वेळ ते अर्धपोटी चालतं आणि रात्री बसा डेपोत गेल्या की नुसतं घुमत बसतं. ही पहिली शिल्लक.

दुसरी शिल्लक ब्रेकची. इलेक्ट्रिक बसनं ब्रेक दाबला की तिची मोटर उलटी वीज तयार करते आणि तारेत परत टाकते. त्याच वेळी तारेखाली दुसरी बस वीज मागत असेल तर तिला ती मिळते. नसेल तर? जुन्या पद्धतीच्या सबस्टेशनात डायोड असतात, ते एकतर्फी दार. वरून खाली येऊ देतात, खालून वर जाऊ देत नाहीत. (आपल्याला हे दार ओळखीचं वाटतं, नाही का? ह्या देशात हजारो वर्षं तेच बसवलेलं आहे.) मग ती वीज बसच्या टपावरच्या रेझिस्टरमध्ये जाळून टाकतात. तयार झालेली, फुकटची वीज, गरम हवा होऊन जाते.

आणि थांब्यावर चार्ज होणारी बस असेल तरी गोष्ट तीच. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरात अशी बस आहे. थांब्यावर सहाशे किलोवॉटनं वीसेक सेकंद चार्ज होते. दर दहा मिनिटांनी एक बस धरा. दहा मिनिटांत सहाशे सेकंद, त्यातले वीस कामाचे. उरलेले पाचशे ऐंशी सेकंद ती यंत्रणा पुढच्या बसची वाट बघते.

युरोपातल्या शहाण्या लोकांच्या हे ध्यानात आलं. जर्मनीतलं झोलिंगन, पोलंडमधलं ग्डिनिया, हॉलंडमधलं आर्नहेम, ह्या ट्रॉलीबसच्या गावांतून प्रयोग झाले, अभ्यास झाले. बसच्या तारेलाच मोटारींचे चार्जर जोडायचे. बसनं ब्रेक मारला की वीज चार्जरला. बस सुटताना तारेतला दाब खाली गेला की चार्जरनं आपण होऊन तोंड आवरायचं, आधी बसला जेवू द्यायचं. नवीन केबल टाकायला नको, नवीन सबस्टेशन नको, वीज वाया जायला नको. डोकं चांगलं चालवलंय. यंत्राच्या बाजूनं ह्यात खोट काढायला मी बसलेलो नाही.

माझा सवाल एकच आहे. शिल्लक आहे हे कळलं. ती कुणाच्या ताटात पडणार हे कोण ठरवणार?

०००

शिल्लक ह्या शब्दाशी आपलं जुनं नातं आहे. गावकीची कामं करून, मेलेलं ढोर ओढून, निरोप पोचवून आमच्या आज्या-पणज्यानं दारोदार काय मागितलं? शिल्लक. रात्रीची शिळी भाकर, आंबलेलं कोरड्यास, लग्नाच्या पंगतीतलं उष्टं. खळ्यावरचं धान्य उचलून झाल्यावर मातीत मिसळलेले दाणे. शिल्लक नेहमी आमची होती. आमचा तो हक्कच होता म्हणे. बलुतं म्हणायचे त्याला आणि वर उपकार करायचे.

आता शिल्लक वीज आली. ताजी, गरम, पैशाची. तर ती एका रात्रीत आमची राहिली नाही. तिचं नाव बदललं, ती ‘संसाधन’ झाली. तिच्यासाठी धोरणं लागतात, सल्लागार लागतात, टेंडरं लागतात. तिच्या पंगतीला मोटारवाले पाट मांडून बसलेत. शिळी भाकर होती तोवर आमची आणि वीज झाली की त्यांची, हा कुठला न्याय? बामनी व्यवस्थेचं हेच कसब आहे. ती नियम बदलत नाही, ती जिनसेचं नाव बदलते.

कुणी म्हणेल, पोरा, तुला अजून तार दिसलेली नाही, आताच कशाला बोंबलतोस? दिसल्यावर बोंबलून काय होतं ते आपण बघितलंय. नागपुरातच बघितलंय. २०१७ च्या मे महिन्यात ओला आणि महिंद्रा ह्यांनी सरकारच्या पाठबळानं इलेक्ट्रिक टॅक्सींचा मोठा प्रयोग नागपुरात काढला. दोनशे गाड्या, देशातला पहिला, फोटो, फिती. वर्ष उलटायच्या आत बातम्या आल्या की ड्रायव्हर चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास अडकतायत, कमाई बुडतेय, गाड्या परत करून डिझेलकडं चाललेत. रांगेत वेळ कुणाचा गेला? ज्याच्याकडं गाडीशिवाय पोट नव्हतं त्याचा. ज्याची स्वतःची मोटार आहे तो रात्री घरी लावतो आणि झोपतो. चार्जरची रांग ही गरिबाचीच असते. रेशनची होती, रॉकेलची होती, आता विजेची.

दुसरा दाखला माझ्या कामाच्या जागेवरून दिसतो. मी मुंबईच्या गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो. शिवडीला अटल सेतू चढतो. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्‌घाटन झालं. त्यावर मोटारसायकलला बंदी, तीनचाकी रिक्षाला बंदी. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणानं त्या सेतूवर इलेक्ट्रिक मोटारीला टोल माफ केला. बसलाही माफ केला, ते बरं केलं. पण मोटारीला? लाखांची गाडी घेणाऱ्याच्या खिशात टोलचे पैसे नव्हते काय? धूर सोडत नाही म्हणून माफी दिली असेल, तर माझा दादाही धूर सोडत नाही. त्याला चढूच देत नाहीत. डोक्यावर ओझं घेऊन चालणारा हमालही धूर सोडत नाही, घाम सोडतो. त्याला कुठलं अनुदान?

०००

आता स्वच्छ हवेचं बघू. इलेक्ट्रिक गाडीमुळं हवा स्वच्छ होते, असं मनीषनगरात, धरमपेठेत, सगळीकडं सांगतात. होते. मनीषनगरात होते. पण तारेतली वीज आभाळातून पडत नाही. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा आहेत. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच कोळसा जाळतात. त्याची राख तलावात साठवतात. २०२२ च्या जुलैमध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि ती राख गावाच्या शेतात, नाल्यात, नदीच्या पाण्यात गेली. तिथल्या बायांनी जी राखट भांडी घासली त्यांच्याशी मनीषनगरच्या स्वच्छ हवेचा संबंध आहे. धूर उत्तरेला, गार हवा दक्षिणेला. गावकुसाबाहेर आता माणसंच नाहीत, राखसुद्धा टाकतात.

म्हणून काय इलेक्ट्रिक नको म्हणायचं? छट्. ज्याच्या दारात राख पडते त्याचा विजेवर पहिला हक्क आहे, एवढंच म्हणायचं. एका मोटारीत एक माणूस बसवून तीच कोळशाची वीज फिरवायची आणि त्याला पर्यावरण म्हणायचं, हे ढोंग आहे. शंभर माणसं एका बसमध्ये बसली तर राखेचा हिस्सा शंभरांत वाटला जातो. हे गणित चौथीच्या पोराला येतं. मंत्रालयात का येत नाही?

०००

आपल्याच चळवळीतले काही जाणते लोक म्हणतात, हा आपला विषय नाही. आपल्यावर अत्याचार होतात, नोकऱ्या ठेक्यावर गेल्या, शिष्यवृत्त्या अडकल्या, आणि तू काय चार्जिंग घेऊन बसलास? बाबासाहेबांनी काय सांगितलं आणि तू काय सांगतोस?

दादाहो, बाबासाहेबांनीच सांगितलंय. १९४२ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ ला विजेच्या समितीपुढं त्यांनी भाषण केलं. वीज सरकारच्या मालकीची की खाजगी, ती स्वस्त कशी होईल, भरपूर कशी होईल, हा त्या दिवशी त्यांचा विषय होता. आणि स्वस्त वीज कशासाठी पाहिजे ह्याचं उत्तरही त्यांनी दिलं. उद्योगधंदे वाढावेत आणि ह्या देशातला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटावा म्हणून. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये पायाभूत धंदे सरकारच्या मालकीचे असावेत असं त्यांनी मांडलं. आपण त्यांचा फोटो लावतो, फोटोवर लायटिंग करतो, आणि त्या लायटिंगची वीज कुणाची हे विचारत नाही. त्यांनी ते ऐंशी वर्षांपूर्वी विचारलं होतं. महाडला तळ्याचं पाणी होतं, आज तारेतली वीज आहे. सार्वजनिक जिनसेवर कुणी हात टाकायचा, हाच सवाल तेव्हा होता आणि हाच आज आहे.

आणि सार्वजनिक तार ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. मुंबईत ती होती. बेस्ट १९४७ पासून महापालिकेची. एकच उपक्रम शहरात वीजही पुरवायचा आणि बसही चालवायचा, आजही त्याच्याकडं दोन्ही कामं आहेत. ११ जून १९६२ ला बेस्टनं ट्रॉलीबस काढली. कुठून कुठं? गवालिया टँक ते माझगाव डॉक. थेट गोदीच्या दारापर्यंत. माझा आजा गोदीत होता. तो तिला दोन शेंड्यांची बस म्हणायचा. वळणावर कधी दांडा तारेवरून निसटायचा, बस मुकाट उभी राहायची, मग माणूस खाली उतरून दोरीनं दांडा परत तारेवर बसवायचा. ‘शेंडी सुटली की गाडी बंद,’ असं सांगून आजा खदखदा हसायचा. बारा बसा होत्या त्या. पहिल्यापासून दुरुस्तीच्या तक्रारी होत्या. २४ मार्च १९७१ ला बंद झाल्या.

त्या बंद पडल्या म्हणून रडगाणं गायचं नाही मला. मला एवढंच दाखवायचंय की तार पालिकेची, वीज पालिकेची, बस पालिकेची आणि शेवटचा थांबा कामगाराच्या दारात, असं ह्याच महाराष्ट्रात नऊ वर्षं चाललं होतं. आजा नोंदणीतला कामगार होता, मी ठेक्यावर. आजाची बस पालिकेची होती, माझी बस भाड्याची. आज बेस्टच्या रस्त्यावर ठेकेदाराच्या बसा पळतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या बसांच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी काम बंद केलं तेव्हा मुंबईला कळलं की लाल रंगाच्या आत मालक दुसराच आहे. नागपुरातही शहरबस ठेकेदारांमार्फतच चालते. उद्या तार आली तर तीही अशीच येईल. खांब जनतेच्या पैशाचे, रस्ता जनतेचा, सबस्टेशनची जागा जनतेची, आणि वीस वर्षांच्या करारावर शिल्लक वीज विकायचा हक्क कुणा कंपनीचा. ती कंपनी तो चार्जर कुठं लावेल? ज्या थांब्याजवळ फ्लॅट आहेत तिथं. मनीषनगरात लागेल, इंदोऱ्यात लागणार नाही, पाचपावलीत लागणार नाही. आणि पुन्हा तीच मनगटाएवढी नळी, दादाच्या गाडीला न लागणारी.

०००

नुसत्या शिव्या देऊन थांबणं ही आपली खोड आहे. मी आज थांबणार नाही. ज्या दिवशी नागपुरात बसच्या तारेचा किंवा थांब्यावरच्या चार्जिंगचा पहिला खांब रोवला जाईल, त्या दिवशी आपली मागणी लिहून तयार पाहिजे. माझा मसुदा हा. खोडा, वाढवा, पण हातात ठेवा.

एक. तार, सबस्टेशन आणि त्यातली शिल्लक वीज पालिकेच्या मालकीची राहिली पाहिजे. कुठल्याही करारात ती विकायला, भाड्यानं द्यायला काढायची नाही.

दोन. पंगतीचा क्रम कागदावर लिहिला पाहिजे. आधी बस. मग कचऱ्याची घंटागाडी आणि रुग्णवाहिका. मग ई-रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी. मग दोनचाकी. सगळ्यांचं जेवण झाल्यावर काही उरलंच तर खाजगी मोटार, आणि तिला पूर्ण दर. मशीनला हा क्रम शिकवता येतो. बस सुटताना चार्जरनं थांबायचं हे ज्या यंत्राला शिकवता येतं, त्याला रिक्षा आधी आणि मोटार मागून हेही शिकवता येतं. अडचण यंत्रात नाही.

तीन. प्रत्येक सबस्टेशनजवळ साधे सोळा अँपिअरचे सॉकेट, मीटर लावलेले, छत घातलेले, रात्रभर उघडे. ई-रिक्षाची बॅटरी रात्रभर साधारण एक किलोवॉटनं भरते. हजार किलोवॉटचं सबस्टेशन बसा झोपल्यावर मोकळं असतं. त्यातली नुसती अर्धी ताकद वापरली तरी पाचशे रिक्षा सकाळपर्यंत भरतात. पाचशे घरची चूल. आज ह्या गाड्या कुठं भरतात? झोपडीच्या एकुलत्या बोर्डावर, पोरांच्या उशाशी. ती वायर तापते तेव्हा आई जागी राहते.

चार. सबस्टेशनावरची, तारेवरची माणसं आणि बसचे ड्रायव्हर पालिकेचे कायम कामगार असले पाहिजेत, राखीव जागा भरून. गटारात उतरायला आम्ही आणि खांबावर चढायला, सबस्टेशनात खुर्चीवर बसायला दुसरे, हे चालणार नाही. आपल्या वस्त्यांतल्या आयटीआय झालेल्या पोरांनी हा विषय आजपासून शिकायला घ्यावा. वायरमनचं, इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट घरात लटकत असेल तर ते खाली काढा.

पाच. पहिला सॉकेट वस्तीत. मनीषनगरात शेवटी लावा, त्यांच्या घरी आहेत.

०००

त्या रात्री रिक्षा ढकलत घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. दादानं बोर्डाला वायर लावली. घरातला पंखा मंद झाला, मग बल्ब पिवळा पडला. मावशी त्याच उजेडात पिशवीतून डबा काढत होती. मनीषनगरच्या एका घरी सणाचं जेवण होतं. बाईनं उरलेलं बांधून दिलं होतं. पुरी, श्रीखंड, कसली तरी उसळ. मावशीनं डबा मधे ठेवला आणि कुणाकडं न बघता म्हणाली, ‘खाऊन घ्या बाबू, चांगलंच हाय.’

चांगलंच होतं. दादानं खाल्लं. मीही खाल्लं, भूक लागली होती. हे लिहायला लाज वाटत नाही, लाज ज्यांना वाटायला पाहिजे त्यांची यादी वेगळी आहे. पण घास गिळताना डोक्यात एकच घुमत होतं. ह्या घराला त्या फ्लॅटमधलं उरलेलं जेवण येतं, उरलेले कपडे येतात, पोरांना उरलेल्या वह्या येतात. एवढी एक वीज तेवढी उरलेली येत नाही. ती मात्र तिकडंच संपते.

मित्रांनो, उष्टं खायचं आपण धर्मासकट सोडलं. १९५६ ला, त्याच नागपुरात. मग ही शिल्लक मागायची ती उष्टं म्हणून मागायची नाही. कोराडीची राख आपल्या छातीत आहे, खांबाचा खड्डा आपण खणतो, गोदीत उतरणारी यंत्रं आपण उचलतो. तार आपली आहे. ज्याचं शेत त्याचं खळं, आणि खळ्यावर मालक दाणे वेचत नसतो, मालक मापं घालतो.

पहिला खांब पडेल त्या दिवशी आपण तिथं हजर पाहिजे. माप हातात घेऊन.

जय भीम.